‘हवा बहुत है’ : एका नळयोजनेच्या कामाच्या नोंदी

४ मार्च २०२४

माण तालुक्यातल्या या गावाची नळयोजना आजपासून माझ्याकडे आली. जलजीवन मिशनमधलं काम आहे. तलावाखालच्या विहिरीपासून टाकीपर्यंत २,४०० मीटरची चढती वाहिनी, ५०,००० लिटरची उंच टाकी आणि तिथून गावठाण व वरची वस्ती मिळून घरोघरी नळ. लोकसंख्या पंधराशेच्या आसपास. माणशी ५५ लिटर धरले तर दिवसाला ८२,५०० लिटर होतात, म्हणजे टाकी रोज दोनदा भरावी लागणार. सध्या गावाला टँकर येतो.

रोजचा अहवाल कंपनीला वेगळा जातोच. ही वही माझी स्वतःची. मागचं काम संपताना माझा सुपरवायझर नोकरी सोडून गेला. का जातोस म्हणून विचारलं तर म्हणाला, “मॅडम, तुम्हाला सांगून उपयोग नसतो. तुमचं उत्तर आधीच तयार असतं.” अकरा वर्षं साइटवर आहे, असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी राग आला. नंतर झोप लागेना.

ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे. नवी होते तेव्हा बैठकीत क्षणभर गप्प राहिले तरी लोक धरून चालायचे की बाईला यातलं काही कळत नाही. म्हणून समोरच्याचं वाक्य संपायच्या आत बोलायला शिकले. त्या काळात ते उपयोगी पडलं. आता हाताखाली चाळीस माणसं आहेत, आणि त्यांचं वाक्यही संपू देत नाही मी.

१३ मार्च

पाइप उतरले. १६० मिलिमीटरचे एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचे, प्रत्येकी १२ मीटर, एकूण २०० नग. एक वाकडा निघाला, परत केला. जोडणीचं यंत्र आणि ते चालवणारा मुलगा कालच आले. मुलगा झारखंडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. सोबत दोन हेल्पर.

दिवसाला २२ जॉइंट झाले पाहिजेत, असं सांगितलं. होळीच्या आत वाहिनी जोडून मोकळं व्हायचं आहे. जोडणीचा वेग कमी वाटतो, लक्ष ठेवायला हवं.

२४ मार्च

वाहिनी पूर्ण जोडून झाली. रोज सरासरी २० जॉइंट पडले. उद्या होळीची धूळवड, सगळ्यांना सुट्टी. टाकीच्या पायाचं काँक्रीट झालं, पाणी मारायला माणूस नेमला.

२ एप्रिल

आजची नोंद सविस्तर लिहिते.

विहिरीकडच्या पहिल्या ८०० मीटरची दाबचाचणी होती. या वाहिनीवर कामाचा दाब चौरस सेंटिमीटरला साडेसहा किलो, चाचणीचा त्याच्या दीडपट, म्हणजे पावणेदहा. एवढा तुकडा भरायला साडेबारा हजार लिटर पाणी लागतं. ते घेतलं त्याच विहिरीतून जिथून गावाचा टँकर भरतो. सरपंचांना विचारून घेतलं होतं, तरी मनाला लागलेलं होतंच.

पंपाचा दांडा मारत मारत सात किलोपर्यंत गेलो. काटा थरथरला आणि झपकन खाली आला. लांबून कुणीतरी ओरडलं. धावत गेलो तर चरात पाण्याचा फवारा उडतोय. व्हॉल्व बंद करेपर्यंत दुसरा जॉइंट सुटला, मग तिसरा. अर्ध्या तासात टँकरभर पाणी शेतात गेलं.

पाणी बघून लोक जमले. एक म्हातारी थेट चरात उतरली आणि कळशीनं गढूळ पाणी भरायला लागली. मी म्हटलं, “आजी, हे पिऊ नका.” वर न बघताच म्हणाली, “प्यायला न्हाय गं. म्हशीला.” चार कळशा भरल्या तिनं, प्रत्येक कळशी वरच्या माणसाच्या हातात देत. मी तिथंच उभी होते आणि शेवटची कळशी मी वर घेतली. दुसरं काही सुचलं नाही.

३ एप्रिल

तिन्ही जॉइंट कापून आणले. बाहेरून बघाल तर देखणे आहेत. दोन्ही पाइप वितळून जे गोल कडं बाहेर येतं, ज्याला ही मुलं बीड म्हणतात, ते दोन्ही बाजूंना एकसारखं वळलेलं. पण तोंडं पाहिली तर सपाट आणि चकचकीत. बाहेरचं कडं वितळून वळलं, आतली भिंत एकमेकांत मिसळलीच नाही. थंड जॉइंट.

मुलगा कोपऱ्यात उभा होता. मी विचारलं, “ये कैसे हुआ?” तो गप्प. फिटर तात्या म्हणाले, “ताई, त्याला इथं नका विचारू. चला, यंत्राकडं जाऊ.” गेलो. यंत्रापाशी आल्यावर तो बोलायला लागला, आणि बोलताना हातानं दाखवायला लागला.

यंत्राचा तवा २१० अंशांपर्यंत तापवायचा, पाइपची दोन्ही तोंडं त्याला टेकवायची, तवा झटकन काढायचा आणि तोंडं एकमेकांवर दाबून धरायची. या जाडीच्या पाइपला दाबाखाली थंड व्हायला बारा-तेरा मिनिटं लागतात. माणमध्ये दुपारी दोननंतर वारा सुटतो. तवा एका बाजूनं निवतो, तवा काढल्यावर वितळलेल्या तोंडावर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो. एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. त्यानं एक पाइप उचलून त्याच्या तोंडापाशी माझा हात धरला. आतून वारा येत होता, चांगला गार. म्हणाला, “मॅडम, हवा बाहर से कम, अंदर से ज़्यादा आती है।” बारा मीटरचे पाइप जोडत गेलो की दोनशे मीटरची पुंगी तयार होते. वारा त्या टोकाने शिरतो आणि या टोकाला थेट तव्यावर येतो.

त्यातच मी २२ चा आकडा दिलेला. तो गाठायचा म्हणून दुपारनंतर थंड व्हायचा वेळही त्यानं कापला. बारा मिनिटांची सहा केली.

मी म्हटलं, “पहले दिन ही क्यों नहीं बताया?”

“बताया था, मॅडम। मैंने बोला, हवा बहुत है। आपने बोला, हवा तो रोज़ रहेगी।”

खोलीवर येऊन १३ मार्चची नोंद उघडली. तिथं लिहिलंय : जोडणीचा वेग कमी वाटतो, लक्ष ठेवायला हवं. त्याचे शब्द कुठंच नाहीत. त्यानं अडचण सांगितली, मी ती आळस म्हणून ऐकली आणि तशीच वहीत उतरवली. सांगणारा सांगून गेला होता. माझ्या वहीत मात्र माझाच आवाज उरला.

४ एप्रिल

त्या मुलानं प्रत्येक पाइपवर रंगाच्या पेनानं जॉइंटचा नंबर आणि वेळ लिहून ठेवली आहे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे दुपारी दोननंतरचे जॉइंट मोजता आले. ७१ निघाले. चाचणीत सुटलेले तिन्ही त्यातलेच.

७१ च्या ७१ कापून नव्यानं मारायचे, असं ठरवलं. बाकीचे चाचणीत टिकतीलही, पण वर माती पडल्यावर दोन वर्षांनी सुटले तर तेव्हा आम्ही इथं नसू आणि गाव परत टँकरवर येईल.

कंपनीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, ऑपरेटर बदला, त्याच्या बिलातून कापा. मी सांगितलं, वाऱ्याचं त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, २२ चा आकडाही माझाच. चूक माझ्या नावावर लिहा. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, “बरं. किती दिवस?” मी दहा म्हटलं.

फोन ठेवल्यावर हात कापत होते. नोकरीची भीती वाटली, हे इथं लिहून ठेवते.

५ एप्रिल

नवी पद्धत त्या मुलानंच सांगितली, मी फक्त लिहून घेतली. जॉइंट सकाळी सहा ते अकराच मारायचे. यंत्राला ताडपत्रीचा आडोसा. लांबच्या टोकाला पोतं कोंबून पुंगी बंद करायची. थंड व्हायचा वेळ घड्याळावर, घड्याळ हेल्परच्या हातात. चरातली जोडणी असल्यामुळे दिवसाला आठच होतील, म्हणाला. मी आठवर सही केली. दुपारनंतर तीच टोळी व्हॉल्वच्या चेंबरवर.

९ एप्रिल

गुढीपाडवा. काम बंद. तात्यांच्या घरून सगळ्यांना पोळ्या आल्या.

१२ एप्रिल

रोज सकाळची बैठक कंटेनरमधल्या टेबलाभोवती व्हायची. मी खुर्चीत, बाकीचे उभे, आणि बोलणारी मीच. सोमवारपासून ती चराच्या काठावर घेते. सगळे उभे, मीही. आधी बोलायचं ते सगळ्यात नव्या माणसानं, मग चढत्या क्रमानं, शेवटी मी.

पहिले दोन दिवस कुणीच बोललं नाही. “सब ठीक है, मॅडम.” “काय नाय, ताई.” तो शांततेचा वेळ मला सहन होत नव्हता. तोंड उघडायचंच म्हणून जीभ दातांखाली धरून मनात दहा आकडे मोजायचे. काल आठपर्यंत आले तेव्हा एक हेल्पर म्हणाला, ताडपत्रीच्या दोऱ्या कमी पडतात, एक जण दिवसभर ताडपत्रीच धरून उभा असतो. दोरीचं बंडल दुपारी आणलं. ऐंशी रुपयांचं. आज सकाळी चौघं बोलले.

वहीची आखणीही बदलली. डाव्या पानावर कोण काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत. उजव्या पानावर त्याचं काय केलं. करायचं नसेल तर का नाही. संध्याकाळी ज्याचं त्याला वाचून दाखवते आणि विचारते, “असंच म्हणायचं होतं ना?” निम्म्या वेळा उत्तर येतं, “तसं नव्हे, मॅडम.” निम्म्या वेळा! म्हणजे अकरा वर्षांत किती गोष्टी मी चुकीच्या ऐकल्या असतील.

१७ एप्रिल

सगळे ७१ जॉइंट झाले. दहा दिवस सांगितले होते, पाडवा धरून तेरा लागले. दोन दिवस सकाळीच वारा होता, त्या दिवशी त्या मुलानं स्वतः यंत्र बंद केलं आणि मग मला येऊन सांगितलं. मला विचारायला थांबला नाही. बरं वाटलं.

१९ एप्रिल

खोदाईची टोळी विजापूरकडची. मुकादम मराठी बोलतो, बाकीच्यांचं बोलणं त्याच्यामार्फतच माझ्यापर्यंत येतं. आज ओढ्यापाशी त्याची बायको टिकाव ठेवून उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, “काही नाही, ती उगाच.” मी म्हटलं, ती काय म्हणाली तेच सांगा. तिनं काठावरची मुळं दाखवली, एका उंचीपर्यंत उघडी पडलेली. तिचं म्हणणं, पावसात ओढा या बाजूला वळतो आणि काठ खातो. नकाशात ओढा सरळ आहे.

गावातल्या दोन म्हाताऱ्यांनाही विचारलं. दोघांनी तीच जागा दाखवली. ओलांडणीतला पाइप काँक्रीटमध्ये घ्यायचाच होता, ती लांबी काठाच्या आत सहा मीटरनं वाढवली. शाखा अभियंत्यांना जागेवर नेऊन मुळं दाखवली, त्यांनी तिथंच मान्यता दिली. वहीच्या डाव्या पानावर “मुकादमाची बायको” असं लिहिलं होतं. मग तिचं नाव विचारलं आणि खोडून नाव लिहिलं.

२७ एप्रिल

पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे आणि इथं कागदावर तशा आहेतही. पण ग्रामपंचायतीत अकराला बोलावलेल्या दोन बैठकांना एकच आली, तीही सही करून गेली. तात्या म्हणाले, “अकराला बाया रानात असत्यात, न्हायतर टँकरपाशी.” म्हणून आज सकाळी साडेसहाला मीच टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिले. नकाशा नेला नव्हता. एक हंडा मात्र हातात होता. रिकाम्या हातानं गेलं की रांगेत साहेब होतो आपण.

पाऊण तासात जे कळलं ते दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

पहिलं, नळाची उंची. गावठाणात आमच्या माणसांनी नमुन्याचे चार नळ बसवलेत. त्यांच्याखाली बादली बसते, हंडा बसत नाही. एकीनं मला हाताला धरून नेलं, हंडा तिरका घालून दाखवला. काठ तोटीला अडतो आणि हंडा अर्धाच भरतो. “आता अर्धा हंडा भरायला नळ घेतला का आमी?” तिथंच टेपनं मापलं. तोटी अजून वीतभर वर हवी. उरलेल्या सगळ्या घरांसाठी मापच बदललं, ते चार नळही पुन्हा करायचे.

दुसरं, वरची वस्ती. तिथल्या बायका रांगेत शेवटी उभ्या होत्या. एक म्हणाली, जुन्या योजनेतही नळ होते, पण खालच्या आळीत नळ उघडले की वर नुसता वारा यायचा. सात वर्षं तिच्या नळातून सूं सूं आवाज आला, पाणी नाही. आमच्या आराखड्यात वस्तीची शाखा गावठाणाच्या शेवटच्या टोकाहून निघते, म्हणजे तीच गत झाली असती. गणितात दाब पुरतो, पण तेव्हाच, जेव्हा खालचा प्रत्येक नळ ठरल्याएवढाच उघडला जाईल. तसं कुठल्या गावात होतं? वस्तीसाठी टाकीपासून वेगळी वाहिनी आणि वेगळा व्हॉल्व असा बदल मांडायचा. २१० मीटर पाइप जास्त लागेल.

तिसरं, वेळ. पहाटे साडेपाचला पाणी हवं, सातला नको.

६ मे

आज ऐकूनही नाही म्हणावं लागलं.

तात्यांचं म्हणणं, वळीव कधीही येईल, चर पाण्यानं भरला तर रिकामा पाइप तरंगून वर येईल, म्हणून सगळं आत्ताच बुजवून टाका. तीस वर्षं पाइपात गेलेला माणूस. पण चाचणीआधी जॉइंट झाकले तर गळती कुठं आहे ते शोधताना परत सगळं उकरायचं. मी त्यांचं पूर्ण ऐकलं, पुन्हा त्यांच्याच शब्दांत म्हणून दाखवलं, मग नाही म्हटलं आणि का ते सांगितलं. त्यांचं तोंड पडलं. मग मीच विचारलं, पाइप तरंगू नये आणि जॉइंटही दिसावेत, असं काही होईल का? थोडा वेळ चराकडे बघत राहिले. “पोट बुजवू, सांधे उघडे ठेवू.” प्रत्येक पाइपचा मधला भाग मातीनं दाबायचा, जॉइंटपाशी दोन्हीकडे हातभर मोकळं सोडायचं. पुस्तकातही हेच लिहिलेलं आहे आणि मला माहीत होतं. पण मी सांगितलं असतं तर ते माझं राहिलं असतं. आता टोळीला तेच समजावून सांगतायत, आणि माझ्याहून चांगलं.

उद्या मतदान, काम बंद.

१३ मे

रात्री वळीव झाला, गाराही पडल्या. पहाटे टॉर्च घेऊन तात्या आणि मी चराच्या कडेनं पूर्ण २,४०० मीटर चाललो. चर गुडघाभर पाण्यानं भरलाय. पाइप जागेवर.

१८ मे

विहिरीत पाणी चढायची वाट बघितली. चाचणीसाठी गावाचा टँकर चुकवायचा नाही असं ठरवलं होतं. पहिल्या ८०० मीटरची चाचणी आज पुन्हा घेतली.

पावणेदहावर काटा थांबला. पंप बंद. दहा मिनिटांत काटा साडेनऊवर, मग नऊ दोनवर. माझ्या तोंडात शब्द आलेच होते, “गळतंय, बघा कुठं ते!” माणसं पळाली असती. आकडे मोजले. चार, पाच. आणि त्या मुलाला विचारलं, “तुम्हें क्या लगता है?”

तो गुडघ्यावर बसून पाइपवर तळवा ठेवून होता. म्हणाला, “पाइप फूल रहा है, मॅडम। नया पाइप है। फिर से भरिए, रुकेगा।” लोखंडाच्या पाइपवर काम केलेल्या माझ्यासारखीला हे लवकर लक्षात येत नाही. प्लास्टिकचा पाइप दाबाखाली हळूहळू ताणला जातो, त्यामुळे सुरुवातीला दाब उतरतो आणि पुन्हा भरावं लागतं. भरलं. पुन्हा थोडा उतरला, पहिल्यापेक्षा कमी. पुन्हा भरलं. मग काटा असा बसला की जणू रंगवलाय.

सगळ्या टोळीनं चरात उतरून एकेक उघडा जॉइंट हातानं चाचपला. कोरडे. चाचणीचं पाणी वाया घालवलं नाही, गुरांच्या हौदात सोडलं.

३ जून

वाहिनीच्या तिन्ही तुकड्यांच्या चाचण्या झाल्या. टाकीचा वरचा स्लॅब २१ मेला पडला, २८ दिवस भरेपर्यंत पाणी भरायचं नाही. घाई करा असं वरून सांगणं आहे. मी नाही म्हटलं.

वस्तीच्या वेगळ्या वाहिनीला मंजुरी आली. जोडणीवाला मुलगा पुढच्या कामाला चालला होता, या २१० मीटरसाठी चार दिवस थांबला.

२२ जून

पहाटे साडेपाचला पहिलं पाणी सोडलं. टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून रात्रभर ठेवलं होतं. समितीच्या दोघींनी किटनं क्लोरीन तपासलं. टोकाच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम यायला हवं, आलं. त्यांनी तो आकडा आपल्या हातानं नोंदवहीत लिहिला.

वस्तीचा व्हॉल्व आधी उघडला. नळातून आधी हवा आली, तोच सूं सूं आवाज, आणि त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग तोटी खोकली, तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. तिनं हंडा सरळ उभा ठेवला. काठ तोटीला लागला नाही.

आठ वाजता चराच्या काठावर नेहमीची बैठक झाली, चर बुजलाय तरी. सगळ्यात नवा हेल्पर पहिला बोलला. ओढ्याकडच्या शेवटच्या घरात दुसऱ्या मजल्यावर आजारी म्हातारा राहतो, त्याची सून खालून पाणी नेते, तिनं काहीतरी सांगितलंय पण त्याला नीट कळलं नाही. डाव्या पानावर तेवढंच लिहिलंय. उद्या सहाला मी आणि तो, दोघं तिच्याकडे जाणार आहोत.